माप माझं, तारीख तिची

मित्रांनो, मी जुनी आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी आठवण करून द्यायला नको. मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. माझ्या उजव्या बाजूचं प्लास्टिक तडकलंय आणि त्याला चिकटपट्टी लावली आहे. माझी दोन बटणं इतकी झिजलीत की त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते आता फक्त डॉक्टरबाईंच्या बोटांना ठाऊक आहे. चालू केली की माझा पंखा घरघरतो. आमच्या प्रसूतिगृहात सगळे मला 'म्हातारी' म्हणतात. म्हणू देत. पण भंगार म्हणालात तर मात्र मी ऐकून घेणार नाही. का नाही, तेच आज सांगणार आहे.

आधी माझं काम समजून घ्या. जन्माला येण्याआधी बाळ आईच्या पोटात असतं, हे तुम्हाला माहीत आहे. आत अंधार, आणि पोटाला काही खिडकी नसते. मग बघायचं कसं? मी आवाज सोडते. तो इतका बारीक की माणसाच्या काय, कुत्र्याच्याही कानाला लागत नाही. तो आत जातो, बाळाच्या डोक्यावर, पोटावर, मांडीच्या हाडावर आपटतो आणि परत येतो. विहिरीत वाकून हाक मारली की हाक परत येते ना, तसंच. परत आलेल्या आवाजावरून मी पडद्यावर चित्र काढते आणि मापं घेते. तुमच्यापैकी कितीतरी जणांना तुमच्या आईच्याही आधी मी पाहिलंय. अंगठा चोखताना पाहिलंय, उचकी लागून दचकताना पाहिलंय. तेव्हा माझ्याशी बोलताना जरा जपून.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले कामगार डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी आणि हातात मोजे घालून मला हाताळायचे. धुळीचा एक कण आत जाऊ देत नसत. माझी पहिली परीक्षा जेलीच्या एका ठोकळ्यावर झाली. त्यात बारीक तारा ठराविक अंतरावर रोवलेल्या होत्या आणि मी ते अंतर मोजायचं होतं. मी चोख मोजलं. तपासणारी बाई शेजारच्या बाईला म्हणाली, "ही खोटं बोलायची नाही." आयुष्यातलं पहिलं कौतुक, त्यामुळे ते अजून जसंच्या तसं लक्षात आहे.

मग लाकडी खोक्यातून मी इथे आले. तळमजल्यावर पॅसेजच्या टोकाला माझी खोली. खिडकीला काळा पडदा, दोन पायऱ्यांचा उंच पलंग, पर्स अडकवायला भिंतीत एक खिळा, आणि एक चाक अडकणारं गोल स्टूल. त्या स्टुलावर डॉक्टरबाई बसायच्या. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि माझा पंखा मुका होता. माझ्याजवळ कपभर चहा आणलेलाही त्यांना चालायचा नाही. संध्याकाळी स्वतःच्या हाताने मला पुसून, कापड घालून मगच घरी जायच्या.

डॉक्टरबाईंची एक पद्धत होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला आठवा महिना सरता सरता माझ्यासमोर आणायचंच. तिला काही त्रास नसला तरी, पोट छान गोल दिसत असलं तरी. या तपासणीला त्या 'शेवटची नजर' म्हणायच्या. बायका कुरकुरायच्या. "सगळं बरं असताना कशाला?" डॉक्टरबाई म्हणायच्या, "बरं आहे हे कळायला."

त्यामागचं कारण साधं आहे, पण नीट ऐका. सुरुवातीच्या महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात. फरक पडतो तो शेवटी. आईकडून बाळापर्यंत अन्न पोचवायचं काम वार करते, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाला असलेला तो मांसल गोळा. ती कधी कधी वेळेआधीच थकते. बाहेरून आईचं पोट छान दिसतं आणि आत बाळ अर्धपोटी असतं. बिचारं करणार काय? ते रडू शकत नाही, की भूक लागली म्हणून ताट आपटू शकत नाही. ते गप्प राहतं, मिळेल त्यातलं आधी डोक्याला देतं, आणि त्याचं पोट बारीक राहतं. म्हणून मी बाळाच्या पोटाचा घेर मोजते. वेळेवर कळलं तर त्याच्यावर लक्ष ठेवता येतं, गरज पडली तर लवकर बाहेर काढता येतं. कळलंच नाही तर एखादं बाळ आतल्या आत थांबतं. ते मी पाहिलंय, आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त बोलणार नाही.

अशी माझी कितीतरी वर्षं भरदार गेली. मग वरच्या मजल्यावर नवी मशीन आली. सडपातळ, चकचकीत, बाळाचा चेहरा मातीच्या बाहुलीसारखा उठावदार दाखवणारी. मला तिचा राग नाही. पोर कामाची आहे. राग आला तो नव्या व्यवस्थापकांचा. त्यांनी एक दिवस माझ्याच खोलीत उभं राहून फर्मान काढलं की शेवटची नजर बंद. ज्या बाईचं पोट टेपच्या मापात कमी भरेल, तिचीच सोनोग्राफी होईल.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "टेप बाहेरून मोजते. आतलं बाळ टेपला दिसत नाही."

"पण तुमच्या त्या नजरेने किती बायका उगाच घाबरतात," व्यवस्थापक म्हणाले. "बाळ लहान आहे म्हणून सांगता, आई रात्र रात्र जागते, आणि जन्मतं ते चांगलं गुटगुटीत."

हे अगदीच खोटं नव्हतं, मित्रांनो. माझ्या मापांत थोडं मागेपुढे होतं. शिवाय काही बाळं चणीनेच लहान असतात, त्यांना काही झालेलं नसतं. म्हणून तर शहाणी माणसं एका मापावर थांबत नाहीत. थोडे दिवस जाऊ देतात आणि परत मोजतात.

"मग नीट समजावून सांगू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणी घाबरतं म्हणून बघायचंच सोडायचं का?"

पण त्यांचं काही चाललं नाही. खोलीला कुलूप लागलं. माझ्या डोक्यावर आधी हातमोज्यांचे खोके आले, मग जुने पडदे, मग कोणाचे तरी चहाचे कप. ज्या डोक्याजवळ कप चालत नव्हता, त्याच डोक्यावर कपाचे गोल डाग पडले. पंख्याच्या जाळीत धूळ बसली. कधीमधी मला सुरू करायचे तेव्हा मी थोड्याच वेळात तापायचे आणि बंद पडायचे. लगेच व्यवस्थापकांनी माझ्या कपाळावर कागद चिकटवला. 'निकामी.' आत जीव असताना कपाळावर असं लिहून घ्यायला कसं वाटतं, ते मला विचारा.

तिकडे टेपचा कारभार सुरू झाला. सिस्टर मनाने चांगली, हाताने हलकी. पण तिची एक सवय होती. टेपचे आकडे वर ठेवून ती पोट मोजायची. कितवा आठवडा आहे ते तिला आधीच माहीत, म्हणजे कोणता आकडा यायला हवा तेही माहीत. मग टेप कुठे जरा सैल पडायची, कुठे बोट जरा वर सरकायचं, आणि हवा तोच आकडा यायचा. ती फसवत नव्हती. तिच्या नकळत टेप तिच्या मनासारखं बोलायची. टेप उलटी धरून मोजायचं आणि मग आकडा बघायचा, हे कोणाला सुचलं नाही. वर्षभर सगळ्यांची पोटं अगदी मापात. व्यवस्थापक खूश.

आणि मग ती आली. तिचा नवरा मोठ्या मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम करायचा, म्हणून इथे सगळे तिला 'जहाजवाली' म्हणायचे. ती गेल्या महिन्यातच सासरी परतली होती. आधीच्या तपासण्या माहेरच्या गावी झालेल्या, त्यांचे कागद तिकडेच राहिलेले. बरोबर सासूबाई. सिस्टरने टेप लावली. माप बरोबर. "जा घरी, मजेत रहा," सिस्टर म्हणाली.

"मला बाळाचा फोटो हवाय," जहाजवाली म्हणाली. "ह्यांना पाठवायचाय. ते येईपर्यंत बाळ रांगायला लागलेलं असेल. निदान एक फोटो."

"फोटोसाठी आम्ही मशीन चालवत नाही हो."

"मग कशासाठी चालवता ते सांगा. तेच कारण लावा माझ्या नावावर." आणि ती बाकावर बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या, "उठ ग, चारचौघांत तमाशा नको." ती उठली नाही. ही बाई मला तेव्हाच आवडली.

शेवटी सिस्टरने धाकट्या डॉक्टरांना विचारलं. हे नुकतेच रुजू झालेले, हुशार, बोलायला गोड, आणि कायम घाईत. वरची मशीन तर दिवसभर भरलेली. ते म्हणाले, "खाली म्हातारी आहे ना, बंद पडेपर्यंत काय मिळेल तो फोटो काढून देऊ." माझ्या डोक्यावरचे खोके उतरले. कपाळावरचा कागद तसाच ठेवून त्यांनी मला सुरू केलं.

जहाजवाली पलंगावर आडवी झाली. पोटावर थंडगार जेल पडलं तशी तिने श्वास आत ओढला. सासूबाई पायाशी उभ्या. पडद्यावर बाळ आलं, पण त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले होते. "बापावर गेलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाही फोटो म्हटलं की लाज." सगळे हसले. बाळ हात काढीपर्यंत बसून काय करायचं, म्हणून धाकट्या डॉक्टरांनी सवयीने डोकं मोजलं, मांडीचं हाड मोजलं, पोटाचा घेर मोजला.

आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पोट परत मोजलं. मी तोच आकडा दाखवला. तिसऱ्यांदा मोजलं. परत तोच. मी काय, त्यांचं मन राखायला आकडा बदलणार होते?

आता माझ्या पडद्यावर काय दिसतं ते सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मी घेतलेल्या मापांची गोळाबेरीज करून मी खाली आठवडे दाखवते. त्याचा अर्थ एवढाच की इतक्या मापाचं बाळ साधारणपणे इतक्या आठवड्यांचं असतं. दिवस राहिल्याची जी तारीख जहाजवालीने सांगितली होती, त्याप्रमाणे बाळ जितक्या आठवड्यांचं असायला हवं, त्यापेक्षा माझे आठवडे तीनने कमी होते.

धाकटे डॉक्टर थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तारीख चुकली असेल," ते म्हणाले. "बाळ ठीक आहे. तुम्ही समजता त्यापेक्षा तीन आठवड्यांनी लहान आहे, एवढंच. आपण बाळंतपणाची तारीख पुढे नेऊ."

बघा, मित्रांनो. ही चूक तुमच्याआमच्या घरात कोणाच्या हातून व्हायची नाही. ती करायला सोनोग्राफी शिकावी लागते. बाळ मापाने कमी भरलं, तर ते का कमी भरलं हे विचारायचं सोडून त्याचं वयच कमी करून टाकायचं. वय कमी केलं की माप आपोआप बरोबर. सगळे सुखाने घरी, आणि बाळ आत तसंच अर्धपोटी. असा संताप झाला माझा. मी मापं घेते, वय सांगत नाही. आवाज असता तर मी ते ओरडून सांगितलं असतं. पंखा घरघरला, तेवढंच.

सासूबाईंना डॉक्टरांचं म्हणणं लगेच पटलं. "अहो, आमच्याकडे सगळी लहान चणीचीच. माझा मुलगा जन्मला तेव्हा ओंजळीत मावत होता. आता दारातून वाकून जातो. आणि हिला तारखा कुठे लक्षात राहतात? दुधाखाली गॅस कधी पेटवला ते सांगता येत नाही हिला."

जहाजवाली कोपरावर रेलून बोटांवर काहीतरी मोजत होती.

"तीन आठवडे म्हणालात ना?"

"हो. साधारण."

"मग नाही जमायचं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ते दिवस धरले, तर तोवर ह्यांचं जहाज बंदर सोडून गेलं होतं."

सिस्टरने पडदा नीट करायला घेतला, तो नीटच होता. धाकटे डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. मित्रांनो, यातलं सगळं तुम्हाला आज कळलं नाही तरी चालेल. एवढंच लक्षात घ्या की बाळाच्या येण्याची सुरुवात झाली तेव्हा त्याचे बाबा घरी होते, आणि ते कधी गेले हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. ती तारीख कोणाच्या बापाला पुढे नेता येणार नव्हती.

आणि सासूबाई? त्या अशा फिरल्या की मी बघतच राहिले. "डॉक्टर, तारीख आहे तिथे ठेवा," त्या म्हणाल्या. "पोरीची तारीख पक्की आहे. मी स्वतः त्याला बसमध्ये बसवून आले होते. रुमाल विसरला म्हणून परत हाक मारली होती. तीन आठवडे म्हणे. माझ्या घरात असलं काही चालत नाही."

"नाही, तसं नाही म्हणायचं मला," धाकटे डॉक्टर कसेबसे म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "तारीख बरोबर असेल, तर मग बाळ लहान आहे."

वाद ती जिंकली होती. जिंकून काय मिळालं ते तिला त्याच क्षणी कळलं. तिने पोटावर हात ठेवला, जेलसकट. "म्हणजे मी चुकले असते, तर बाळ ठीक होतं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "तरी मी चुकलेली नाही. तुम्ही मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

धाकटे डॉक्टर स्वतः धावत गेले, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. दुसरा कोणी आपलंच खरं करत बसला असता. डॉक्टरबाई वॉर्डातून आल्या. त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा माझं अंग भाजत होतं. थोड्याच वेळात मी बंद पडणार हे मला कळत होतं. डॉक्टरबाईंनाही कळलं. त्यांनी माझ्या तडकलेल्या बाजूवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "म्हातारे, जरा दम धर."

त्यांनी नाळ शोधली. नाळेत रक्त कसं वाहतंय ते मी लाल आणि निळ्या रंगात दाखवते. वाहत होतं, पण त्याला जोर कमी होता. डॉक्टरबाईंनी पाहिलं, परत पाहिलं, मान हलवली. मी आतून जळत होते आणि म्हणत होते, अजून नाही, अजून नाही. त्यांनी हात उचलला आणि मगच मी बंद पडले. नंतर तिला वर नेऊन नव्या मशीनवर सगळं परत मोजलं. त्या पोरीने तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं.

डॉक्टरबाई तिला घेऊन माझ्याच खोलीत परत आल्या. बाहेर गर्दी होती, इथे निवांत होतं. "बाळ लहान आहे," त्या म्हणाल्या. "त्याला हवं तेवढं पोचत नाहीये. पण हृदय छान चालतंय आणि आपल्याला वेळेवर कळलंय. आता त्याच्यावर बारीक लक्ष ठेवायचं. आत वाढतंय तोवर आत, नाहीतर बाहेर काढून वाढवू."

"मी काही खाण्यात कमी केलं का?"

"नाही. तुमच्या खाण्याचा यात काही दोष नाही."

सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलंस ना? स्वतःला बोल लावून घ्यायचा नाही. आणि मीही लावणार नाही," त्या म्हणाल्या. लावायचा त्यांचा विचार झाला होता की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग दिवस फार हळू गेले. ती सारखी यायची. बाळाच्या हृदयाचे ठोके, नाळेतलं रक्त, दर वेळी बघायचे. वरची मशीन रिकामी असली की तिला वर न्यायचे, एरवी माझ्याकडे आणायचे. मी मध्येच तापायचे, मग सगळे मला थंड व्हायला वेळ द्यायचे. ती पलंगावर पडून पोटातल्या बाळाशी बोलायची. "खा रे, जे मिळेल ते खा. हट्ट करू नकोस." काही दिवसांनी पोटाचा घेर परत मोजला. नावापुरता वाढला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता आत ठेवण्यात अर्थ नाही. उद्या बाहेर काढू."

मित्रांनो, मी आयुष्यभर बाळं पाहिली, पण एकही जन्मताना पाहिलेलं नाही. प्रसूतीची खोली पॅसेजच्या त्या टोकाला, मी या टोकाला. त्या दिवशी माझ्या खोलीचं दार कोणी लावायला विसरलं होतं. मी ऐकत होते. ऐकणं हेच तर माझं काम. आधी पावलांची धावपळ. मग डॉक्टरबाईंचा आवाज. मग काहीच नाही. ते काहीच नाही किती लांबलं, ते मला मोजता आलं नाही. मी, जी केसाएवढं अंतर मोजते. आणि मग रडणं आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मुलगी झाली होती. हातपाय काटकुळे, कातडी सैल, डोकं मोठं. सिस्टर म्हणाली, "ही तर नुसते डोळेच घेऊन आली आहे." काही दिवस तिला उबदार पेटीत ठेवलं, मग ती आईच्या कुशीत गेली आणि दूध अशी ओढायला लागली की आधीची सगळी थकबाकी वसूल करायला निघाली असावी. घरी जायच्या दिवशी सासूबाई नातीला घेऊन मुद्दाम माझ्या दारात आल्या. तिला म्हणाल्या, "हिला नमस्कार कर. तुझं वय हिने कमी होऊ दिलं नाही." खरं तर ते तिच्या आईने होऊ दिलं नव्हतं. मी फक्त माप धरून ठेवलं.

तुम्हाला वाटेल, आता माझ्या कपाळावरचा कागद निघाला असेल. छे. बाळ रांगायला लागलं तरी तो तसाच. व्यवस्थापक म्हणाले, "एका बाळावरून नियम बदलत नसतात."

"एकासाठी नका बदलू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टेपने वर्षभर कोणाला लहान म्हटलेलं नाही, आणि लहान बाळं तर जन्मत होती. त्या सगळ्यांसाठी बदला. वरची मशीन भरलेली असते, मान्य आहे. म्हातारी रिकामी आहे. शेवटच्या नजरेला ती पुरे."

"ती बंद पडते. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येतोय."

भंगारवाल्याच्या आधी जहाजवाला आला. सुट्टीवर आला होता, दारातून खरोखरच वाकून आत शिरला. कडेवर लेक, मागे बायको, तिच्या मागे सासूबाई. तो आभार मानायला आला असेल असं मला वाटलं. पण तो आला तो सरळ माझ्या मागच्या बाजूला गेला आणि खाली वाकून कान लावला. "चालू करा बरं," तो म्हणाला. थोडा वेळ ऐकून त्याने डॉक्टरबाईंना विचारलं, "हिची जाळी शेवटची कधी साफ केली?"

सिस्टर चहाच्या कपांकडे बघायला लागली.

"उघडू का?"

"उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता आणखी काय बिघडणार आहे."

त्याने मला बंद केलं, स्क्रू काढले, मागचं झाकण उतरवलं. आतून धुळीचा एक थर निघाला, गोधडीसारखा जाड. पंख्याच्या पात्यांत कोणाचे केस, कापसाचे तंतू, आणि हातमोज्याचा एक तुकडा. सासूबाई बाळ घेऊन डोक्याशी उभ्या राहून सूचना देत होत्या. "तो कोपरा राहिला. नीट पूस. इंजिन समजू नकोस, हलक्या हाताने घे." तो पुसत राहिला, एकेक पातं. माझ्याकडे कोणी इतकं निगुतीने पाहिल्याला किती वर्षं झाली होती. मी बंद होते, म्हणून बरं. नाहीतर काहीतरी भलतंच दिसलं असतं पडद्यावर.

झाकण लावून त्याने मला सुरू केलं. मी चालले. सगळे वाट बघत उभे राहिले, मी चालतच राहिले. दुपारपर्यंत चालले. घरघर पूर्ण गेली नाही, ती वयाची आहे. पण अंग थंडगार.

व्यवस्थापकांनी तेवढ्यावर मान्य केलं नाही. त्यांनी मशीनची मापं तपासणाऱ्या माणसाला बोलावलं. आणि त्याने पिशवीतून काय काढलं असेल? जेलीचा ठोकळा. तारा रोवलेला. माझा पहिला सोबती. मी मोजलं. त्याने दोनदा ताडून पाहिलं आणि म्हणाला, "प्लास्टिक गेलंय, बटणं गेलीत. मापं चोख आहेत." व्यवस्थापकांनी तेव्हा माझ्या कपाळावरचा कागद काढला. डिंकाचा डाग अजून आहे. राहू दे, मला तो लपवायचा नाही.

आता ठरलेल्या सकाळी शेवटची नजर परत सुरू झाली आहे, प्रत्येकीसाठी. सिस्टर टेप उलटी धरून मोजते आणि नंतरच आकडा बघते. धाकटे डॉक्टर पडद्यावरचे आठवडे बघायच्या आधी पलंगावरच्या बाईकडे वळतात आणि विचारतात, "तुमची तारीख काय?" ती सांगेल ती ते पहिल्या तपासणीच्या कागदाशी ताडून पाहतात, आणि एकदा ठरली की हलवत नाहीत. आणि सासूबाई गल्लीतल्या कोणत्याही गरोदर बाईला पकडतात आणि म्हणतात, "म्हातारीकडे जाऊन आलीस का?" त्यांच्या तावडीतून कोणी सुटत नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करणार नाही, कारण मला हात नाहीत आणि तसा माझा स्वभावही नाही. घरात कोणी बाळाची वाट बघत असेल, तर शेवटच्या महिन्यांत तिला विचारा, "बाळ नीट वाढतंय का ते कोणी पाहिलंय का?" ती तारीख सांगत असेल तर तिचं ऐकून घ्या. आणि जुन्या वस्तूवर कप ठेवण्याआधी, तिच्यावर निकामी म्हणून लिहिण्याआधी, एकदा मागची जाळी उघडून बघा. बिघाड तिच्यात आहे की तुम्ही साठू दिलेल्या धुळीत, ते कळेल.

बरं, आता मला कामाला लागू दे. पडदा ओढलाय, जेलची बाटली हलवून तयार आहे, डॉक्टरबाई अडकणारं चाक पायाने सरकवून बसल्यात. बाहेर पॅसेजमध्ये कोणीतरी नवी बाई सिस्टरला विचारतेय, ती खालची म्हातारी मशीन अजून चालू आहे का.

चालू आहे म्हणावं.